अस्सल कागद, नक्कल कागद

आजचा विषय ओळखपत्रं ऑनलाइन पाठवण्यातल्या धोक्यांचा आहे. तो इतिहासाच्या व्याख्यानमालेत कशाला, असं काहींनी आधीच विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. यावर सायबर पोलिसांनी बोलावं, आम्ही आपली जुनी दप्तरं चाळणारी माणसं. पण दप्तरं चाळता चाळता एक गोष्ट सारखी समोर येते. कागद खरा की खोटा हे ठरवायची रीत बदलली, की फसवणुकीची रीतही बदलते. आपण गेल्या वीसेक वर्षांत अशाच एका मोठ्या बदलातून आलो आहोत, आणि आपल्यापैकी बहुतेकांना तो बदल झाल्याचं कळलेलंही नाही.

सुरुवात एका लॉजपासून करू. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही सहाजण कोकणात गेलो होतो. खोल्या फोनवर ठरल्या, मालकांनी सांगितलं, "सगळ्यांची आधार कार्डं व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा, म्हणजे आल्यावर खोळंबा नको." आम्ही टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मालक हौसेने नातीच्या बारशाचे फोटो दाखवायला बसले. बोटाने एकेक फोटो सरकवत होते. पाळणा, घुगऱ्या, आत्या, मग एकदम कोणाचं तरी आधार कार्ड. परत पाळणा. मग चार लायसन्स, दोन पॅन कार्डं, एक पासपोर्टचं पान. काही आडवी, काही उलटी, एकावर चहाच्या कपाचा गोल डाग. आम्ही विचारलं, "काका, हे काढून टाकत नाही का?" ते म्हणाले, "असू देत की, कधी पोलीस विचारतात. नाहीतरी हा फोन आता मुलीला द्यायचाय, मी नवा घेतोय."

माणूस सज्जन. जेवायला आग्रह करणारा. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं आणि आमच्याही मनात पाठवताना काही आलं नव्हतं. पण त्या फोनमध्ये नेमकं काय पडलं होतं, हे समजून घ्यायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल. बरंच मागे.

मराठेशाहीतली एखादी सनद डोळ्यांपुढे आणा. लांब पट्टीसारखा कागद, वर शिक्का, खाली मजकूर संपतो तिथे छोटी मर्यादामुद्रा. ही मुद्रा शोभेची नव्हे. तिच्यापुढे कोणी एक ओळ जरी वाढवली तरी ती ओळ मुद्रेबाहेर पडते आणि उघडी पडते. कागद लांबवायला दुसरा तुकडा चिकटवला असेल तर पाठीमागे सांध्यावर शिक्के असत, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. मग 'सुरू सूद', 'बार' असे शेरे. त्यावरून कागद दप्तरी नोंदून पुढे गेला हे कळे. मोडी अक्षराचं वळण, शाई, कागदाची जात, हे सगळं जाणकाराला बोलत असे. आणि ज्याला लिहिता येत नसे त्याची निशाणी. कुणब्याची सही म्हणजे नांगर, शिपाईगड्याची कट्यार, बाईमाणसाची बांगडी. कागदाच्या तळाशी नांगर काढलेला दिसला की आम्हाला अजूनही भरून येतं, ते असो.

या सगळ्यात खरेपणा राहत होता तो त्या वस्तूत. तोच कागद, तोच शिक्का, तीच घडी. नक्कल करत, नाही असं नाही. पण नकलेवर 'नक्कल' असं स्पष्ट लिहिलेलं असे आणि तिच्यावर काझीचा किंवा अधिकाऱ्याचा शिक्का पडल्याशिवाय तिला किंमत नसे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की पहिली मागणी अस्सल कागद आणा अशीच. खोटे कागद तेव्हाही बनत. पण बनवणाऱ्याला शिक्का कोरावा लागे, जुना कागद मिळवावा लागे, हात वळवावा लागे, आणि इतकं करून गावातल्या चार म्हाताऱ्यांनी "हे आम्हाला ठाऊक नाही" म्हटलं की सगळं मुसळ केरात. खोटेपणा महाग होता, हे लक्षात ठेवा.

आता दुसऱ्या प्रकारचा कागद. दस्तक. म्हणजे परवाना, वाटेवर दाखवायचा. अमका माणूस, बरोबर इतकी माणसं, इतकी जनावरं, इथून तिथे जात आहे, चौकीवर अडवू नये. गंमत अशी की दस्तक एका कामापुरतं असे. काम झालं की त्याची किंमत संपली. कागदावरच त्याचा हेतू लिहिलेला. हे आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

दस्तकाचा सगळ्यात मोठा गैरवापर झाला तो आपल्याकडे नाही, बंगालमध्ये. तो प्रसंग शाळेत दोन ओळींत उरकतात, पण आजच्या विषयासाठी तो सोन्यासारखा आहे, म्हणून जरा थांबू.

१७१७ साली बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला फर्मान दिलं. वर्षाला तीन हजार रुपये भरा आणि बंगालमध्ये बिनजकात व्यापार करा. कंपनीचा माल आहे हे चौकीदाराला कसं कळणार? तर कंपनीचा कलकत्त्याचा प्रमुख दस्तक देणार, ते दाखवलं की जकात माफ. इथवर ठीक. पण चौकीदार काय तपासत होता? तो माल तपासत नव्हता, माणूस तपासत नव्हता, तो फक्त कागद तपासत होता. हे कंपनीच्या नोकरांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्यांनी स्वतःचा खाजगी माल त्याच दस्तकावर न्यायला सुरुवात केली. मग दस्तक स्थानिक व्यापाऱ्यांना विकायला सुरुवात केली. कागद कंपनीचा, माल भलत्याचाच. प्लासीनंतर, म्हणजे १७५७ नंतर, तर काही धरबंधच राहिला नाही. मीठ, सुपारी, तंबाखू, असला देशातल्या देशात विकायचा माल बिनजकात फिरू लागला, आणि जो प्रामाणिक व्यापारी दस्तक विकत घेत नव्हता तो जकात भरून भरून बुडाला.

नवाब मीर कासिमने तक्रारी केल्या. कलकत्त्याचा गव्हर्नर व्हॅन्सिटार्ट याने तडजोड काढली, ती त्याच्याच कौन्सिलने उडवून लावली. शेवटी १७६३ मध्ये मीर कासिमने काय केलं, तर सगळ्यांचीच जकात रद्द केली! दस्तकाला अर्थच उरू दिला नाही. आम्हाला हा माणूस या एका निर्णयासाठी फार आवडतो. कागद खोटा वापरला जातोय, पकडता येत नाही, मग त्या कागदावर अवलंबून असलेली सवलतच काढून टाका. कंपनीने यावर युद्ध केलं. ऑक्टोबर १७६४ मध्ये बक्सारची लढाई झाली आणि पुढच्या वर्षी बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली. लढाईला इतरही कारणं होती, पण ठिणगी पडली ती उसन्या दिलेल्या ओळखपत्रांवरून, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

हा मुद्दा मनात ठेवा. दस्तक बनावट नव्हतं, शंभर टक्के अस्सल होतं. फक्त दाखवणारा वेगळा होता.

आता परत पुण्याला येऊ. पेशवाई गेली, इंग्रजांच्या हाती पेशवे दप्तर आलं. इनामांचा प्रश्न होता. कोणाची जमीन खरोखर इनाम आहे आणि कोण तशीच दडपून बसला आहे? १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. इनामदाराने आपली सनद आणून दाखवायची, आणि कमिशनचे लोक ती दप्तरातल्या नोंदींशी ताडून बघणार. म्हणजे बघा, पहिल्यांदाच असं झालं की तुमच्या हातातला अस्सल कागद पुरेसा नाही. सरकारच्या कपाटातली नोंद जुळली तरच तो खरा. पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जपलेली सनद घेऊन माणसं कचेरीच्या दारात उभी राहिली. एखाद्याची सनद जळालेली, एखाद्याची वाळवीने खाल्लेली, एखाद्याच्या आजोबांनी ती गहाण टाकलेली. हजारो दावे फेटाळले गेले. त्यात खरोखरचे लबाड किती आणि नुसते कागद हरवलेले किती, हे आज कोण सांगणार? दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखात त्यामुळे जो असंतोष पसरला त्याची चर्चा १८५७ च्या संदर्भात नेहमी होते. शेवटी १८६३ च्या कायद्यांनी ठराविक रक्कम भरून मिटवण्याची सोय झाली.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर सत्याची जागा सरकली. ती तुमच्या ट्रंकेतून निघून सरकारी कपाटात गेली. एकदा हे झालं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. कपाटातली नोंद ज्याच्याबद्दल आहे तो माणूस हाच कशावरून?

त्याचं उत्तर पुन्हा बंगालमध्येच सापडलं. १८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचं कंत्राट देताना कंत्राटदार राज्यधर कोनाई याच्या अख्ख्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. हेतू एवढाच, की उद्या हा "सही माझी नव्हे" म्हणाला तर त्याला चाप बसावा. पुढे १८७७ मध्ये हुगळीला असताना त्याने दस्तनोंदणीला आणि पेन्शनला बोटांचे ठसे लावायला सुरुवात केली. पेन्शनर मेल्यावरही पेन्शन उचलली जात होती, ते थांबवायला. मग १८९७ मध्ये कलकत्त्यात पोलिसांची ठशांची कचेरी निघाली. एडवर्ड हेन्रीचं नाव त्या पद्धतीला मिळालं, पण वर्गीकरणाचं गणित बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. खरेदीखतावरचा अंगठा हुगळीतून आला, हे लक्षात असू द्या. दीडशे वर्षांनी तोच अंगठा आपल्याला परत भेटणार आहे.

ठशाची जादू अशी की तो हरवत नाही, वाळवी खात नाही, उसना देता येत नाही. निदान तेव्हा तसं वाटत होतं. पण ज्यांच्याकडून जबरीने घेतला त्यांना तो अपमान वाटला. ट्रान्सवालमध्ये १९०६ साली आशियाई लोकांनी दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, दाखला जवळ बाळगावा, पोलिसाने मागितला तर दाखवावा असा वटहुकूम आला. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सभा झाली आणि सत्याग्रहाची सुरुवात तिथून धरतात. गांधीजींनी त्या वेळी हेन्रींचं ठशांवरचं पुस्तकच मिळवून वाचलं होतं. वकील माणूस, विरोध करण्याआधी विषय समजून घेतला. पुढे तडजोड झाली, लोकांनी स्वखुशीने ठसे दिले, सरकारने शब्द फिरवला असं दिसल्यावर १६ ऑगस्ट १९०८ ला हमीदिया मशिदीसमोर मोठ्या कढईत दोन हजारांवर दाखले जाळले गेले.

आता विचार करा, दाखले जाळता आले. कागद होता, कढईत टाकला, रॉकेल ओतलं, संपला. जोहान्सबर्गच्या त्या लोकांकडे जी सोय होती ती आज तुमच्या-आमच्याकडे नाही. लॉजच्या फोनमधलं आमचं आधार कार्ड कोणत्या कढईत टाकायचं?

मधला एक टप्पा राहिला, झेरॉक्सचा. १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे यंत्र आलं आणि साध्या कागदावर हुबेहूब प्रत काढणं सोपं झालं. आपल्याकडे ते पोचायला वेळ लागला, पण पोचलं तेव्हा कंपनीचं नावच क्रियापद झालं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत मार्कलिस्टची झेरॉक्स काढायची आणि मग ती घेऊन गॅझेटेड ऑफिसर शोधत फिरायचं. 'सत्यप्रत' असा गोल शिक्का हवा. कुणाच्या तरी मामांच्या ओळखीचे पशुवैद्यकीय अधिकारी असायचे, ते दर रविवारी सकाळी धोतरात बसून पंचवीस पोरांच्या मार्कलिस्टांवर सह्या करायचे. अस्सल बघायचे की नाही, ते विचारू नका. पण तत्त्व जुनंच होतं. नकलेला किंमत देणारा कोणीतरी तिसरा माणूस, ज्याने अस्सल डोळ्यांनी पाहिलं आहे.

हा जाच होता, आणि तो काढून टाकला ते बरंच झालं. महाराष्ट्रात २०१५ पासून स्वयंसाक्षांकन आलं. स्वतःच सही करा, स्वतःच म्हणा की ही खरी प्रत. लाखो लोकांचे हेलपाटे वाचले. पण तिसरा माणूस मधून गेला. त्यानंतर सही पण गेली, नुसता फोटो पाठवला की पुरे झालं. शिक्क्यापासून निघालेला प्रवास इथे येऊन पोचला. नकलेवर आता काहीच लागत नाही, आणि तरी ती चालते.

इथे अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो, हसण्यासारखी आहे. १९३८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टच्या एका पाकीट बनवणाऱ्या कारखान्याने पाकिटात नमुन्याचं सोशल सिक्युरिटी कार्ड घालून विकलं. नव्या पाकिटात कार्ड कसं छान बसतं हे दाखवायला. नमुन्यावर नंबर छापला तो कारखान्यातल्या एका सेक्रेटरीबाईंचा खराखुरा नंबर! कार्ड आकाराने लहान होतं, लाल रंगात 'नमुना' असं छापलेलंही होतं. तरी हजारो लोकांनी तो नंबर आपलाच समजून वापरला. १९४३ मध्ये एकाच वेळी ५,७५५ जण तो नंबर वापरत होते. पुढे वर्षानुवर्षं तो येतच राहिला, सगळे मिळून चाळीस हजारांवर लोकांनी तो आपला म्हणून सांगितला. बाईंचा नंबर बदलून द्यावा लागला.

यातलं मर्म असं की तो नंबर कोणी चोरला नव्हता. गोंधळ झाला कारण नंबर नाव म्हणून दिला होता आणि लोकांनी, कचेऱ्यांनी, तो पुरावा म्हणून घेतला. नाव सगळ्यांना सांगायचं असतं, किल्ली कोणालाच द्यायची नसते. एकच गोष्ट नावही असेल आणि किल्लीही असेल तर काय होणार, हे उघड आहे.

आणि आता आधार. २९ सप्टेंबर २०१० ला पहिले आधार क्रमांक दिले गेले ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला. ज्यांच्याकडे रेशनकार्डाशिवाय, किंवा तेही नसताना, स्वतःची ओळख पटवायला काहीच नव्हतं अशा लोकांसाठी ही योजना होती, आणि ती गरज खरी होती. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आधारवर बोलताना शहरातले लोक हे विसरतात. मूळ कल्पनाही नीट होती. क्रमांक हा केवळ क्रमांक, ओळख पटणार ती बोटाने, डोळ्याने किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने, मध्यवर्ती नोंदीशी ताडून. म्हणजे इनाम कमिशनचीच पद्धत, फक्त सेकंदात. आधारच्या झेरॉक्सचं या रचनेत काही कामच नव्हतं.

पण आपण काय केलं? आपण त्याची झेरॉक्स काढली. सिमकार्डाला झेरॉक्स, गॅसला झेरॉक्स, सोसायटीत भाडेकरू आला की झेरॉक्स, क्लासला मुलाचं नाव घातलं की झेरॉक्स. मग झेरॉक्सची जागा व्हॉट्सॲपने घेतली. कार्ड बघणाऱ्याने पडताळणी करायची, हा भाग कोणालाच नको होता, कारण त्याला यंत्र लागतं, वेळ लागतो. फोटो घेऊन ठेवला की आपलं काम केल्यासारखं वाटतं. बंगालच्या चौकीदारासारखंच, कागद पाहिला, जाऊ द्या.

जानेवारी २०१८ मध्ये चंडीगडच्या 'द ट्रिब्यून'ने बातमी छापली, की पाचशे रुपयांत कोणाचाही आधार क्रमांक टाकून त्याचा पत्ता, फोटो, फोन नंबर पाहता येईल असा प्रवेश एका एजंटाकडून मिळाला. प्राधिकरणाने बायोमेट्रिक माहिती सुरक्षित असल्याचं सांगितलं, बातमीदारावरही गुन्ह्यात नाव आलं, त्यावर मोठा गदारोळ झाला. त्याच महिन्यात सोळा अंकी व्हर्च्युअल आयडी जाहीर झाला, म्हणजे खरा क्रमांक न देता काम व्हावं. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार वैध ठरवताना खाजगी कंपन्यांना ते मागण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली. नंतर कायदा दुरुस्त होऊन ग्राहकाच्या संमतीने वापराच्या वाटा निघाल्या, तो भाग आज सोडून देऊ.

२०२२ चा मे महिना आठवतो का? २७ तारखेला बंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयातून सूचना निघाली, की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, शेवटचे चार अंकच दिसतील असं मास्क केलेलं आधार द्या. देशभर घबराट. इतकी वर्षं वाटत आलो त्याचं काय? दोन दिवसांत, २९ तारखेला, चुकीचा अर्थ निघू शकतो म्हणून सूचना मागे घेतली गेली आणि लोकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी एवढं सांगितलं. आम्हाला विचाराल तर पहिली सूचना बरोबर होती, फक्त बारा वर्षं उशिरा आली होती. त्याच नोव्हेंबरमध्ये प्राधिकरणाने मागणाऱ्यांना सांगितलं, की आधार स्वीकारण्याआधी क्यूआर कोड स्कॅन करून पडताळा. त्या कोडमध्ये डिजिटल सही असते, फोटो बदलला किंवा नाव खोडलं तर ती जुळत नाही. मर्यादामुद्राच की ही! फक्त कोणी बघेल तर उपयोग. आम्ही गेल्या वर्षभरात आमचं कार्ड जिथे जिथे दिलं तिथे एकदाही कोणी कोड स्कॅन केला नाही.

मग फोटो गेला तर होतं काय? "माझ्या नावावर आहे काय, घेऊन घेऊन काय घेणार?" असं आमचे एक शेजारी नेहमी म्हणतात. घेणारा तुमचं असलेलं घेईलच असं नाही, तो तुमच्या नावावर नसलेलं उभं करतो. तुमच्या कागदांवर सिम काढतो आणि त्या सिमवरून दुसऱ्याला फसवतो, पोलीस येतात तुमच्या दारात. तुमच्या पॅनवर ॲपमधून छोटं कर्ज उचलतो. २०२२ च्या सुरुवातीला असे प्रकार इतके उघड झाले की लोक आपले क्रेडिट रिपोर्ट काढून बघायला लागले. किंवा तुमच्या नावाने जीएसटीची नोंदणी करून कागदोपत्री धंदा दाखवतो. २०२३ च्या मे ते जुलैमध्ये अशा बोगस नोंदण्या शोधायला देशभर मोहीम घ्यावी लागली होती. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला कोट्यवधींच्या उलाढालीची नोटीस आल्याच्या बातम्या वाचून आपण हसतो. त्याच्या घरात कोणी हसत नाही. त्याला वकील लावावा लागतो, आणि आपण धंदा केलाच नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. इनाम कमिशनपुढचा तो सनदवाला आणि हा, दोघांची अवस्था सारखीच. कपाटातली नोंद एक सांगते, तुम्ही दुसरं सांगता.

यात कार्ड बनावट नसतं, हे पुन्हा बघा. अस्सल दस्तक, माल भलत्याचा.

आणि तो अंगठा. २०१८ मध्ये तेलंगणात एक प्रकार उघड झाला. जमिनीच्या नोंदणीचे दस्त सरकारी संकेतस्थळावर होते, त्यांवर आधार क्रमांकही होता आणि अंगठ्याचा ठसाही. एका सिमकार्ड विक्रेत्याने ते उतरवून घेतले, ठशांवरून रबरी अंगठे तयार केले आणि लोकांच्या नावावर सिम चालू केली, विक्रीचं टार्गेट पुरं करायला! हुगळीत हर्शेलने खरेदीखतावर अंगठा घेतला तो कागदाला खरेपणा यावा म्हणून. आपल्याकडे २००१ च्या दुरुस्तीने दस्तनोंदणीत फोटो आणि ठसे सक्तीचे झाले तेही त्याचसाठी. पण दस्त स्कॅन होऊन नेटवर गेला आणि पुरावाच किल्ली बनला. पुढे अशाच ठशांवर आधारशी जोडलेल्या बँक खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणं अनेक राज्यांत झाली. ओटीपी नाही, पिन नाही, नुसता अंगठा. पासवर्ड बदलता येतो हो, अंगठा कुठून बदलणार?

आता करायचं काय, हे विचारल्याशिवाय तुम्ही आम्हाला सोडणार नाही. आम्ही तज्ज्ञ नाही, स्वतः काय करतो ते सांगतो. आधार मागितलं तर मास्क केलेलं देतो, ते संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवलंय, लागेल तेव्हा थोडा वेळ उघडायचं. आपल्या नावावर किती सिम आहेत हे 'संचार साथी'वर दिसतं, ते अधूनमधून बघतो. आणि कोणतीही प्रत द्यायची वेळ आली की तिच्यावर आडवं लिहितो, अमक्या कामासाठी, अमक्याला, तारीख. अक्षरं मजकुरावरून जातील अशी, कोपऱ्यात नाही, कोपरा कापता येतो. हे आम्ही दस्तकावरून शिकलो. इथून तिथे, एवढ्याच कामापुरतं. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करायचा, उद्या बघू म्हणायचं नाही. व्हॉट्सॲपवरचं 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं की गेलं, असं मात्र समजू नका. समोरच्याच्या गॅलरीत ते उतरलेलं असू शकतं.

एवढं करूनही पुरतं नाही, हे आम्हाला मान्य आहे. हे सगळं देणाऱ्याने करायचं, आणि घेणारा मोकळा. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. काम संपल्यावर माहिती पुसून टाकण्याचं कर्तव्य त्यात घेणाऱ्यावर टाकलं आहे. कोकणातल्या लॉजपर्यंत ते कधी पोचेल?

त्या लॉजच्या मालकांना आम्ही घरी आल्यावर फोन केला. सगळं सांगितलं, दस्तक-बिस्तक सोडून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, आता मी वहीच ठेवतो, कार्ड समोर बघायचं, नाव, गाव आणि शेवटचे चार आकडे लिहायचे, खाली सही घ्यायची. आम्हाला फार बरं वाटलं. मग विचारलं, आणि त्या जुन्या फोनमधले फोटो? "ते काढले की सगळे. मुलीला फोन दिला तेव्हाच. पण ती म्हणते, बाबा, ते आधीच क्लाउडवर चढलेत, तुमच्या नव्या फोनमध्ये बघा, परत आलेत."